लेटनस्टोन स्टेशनातल्या अठराव्या चित्राबद्दल

प्रति,
वॉल्थम फॉरेस्ट बरो काउन्सिलचे सर्व नगरसेवक,
आणि लेटनस्टोन स्टेशनच्या भिंती ज्यांच्या अखत्यारीत येतात ते लंडनच्या वाहतूक विभागाचे अधिकारी

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. तिच्यात मी फार नेमस्त आहे, प्रत्येक परिच्छेदात दोनदा आभार मानले आहेत. मराठीत तेवढं जमत नाही. शिवाय ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं त्यांतले बरेच जण लंडनच्या सेंट्रल लाइनच्या गाडीत उभ्याउभ्या फोनवर मराठीच वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून हा उघडा पत्रप्रपंच.

मी मूळची मिरजेची. चौदा वर्षं लेटनस्टोनला, म्हणजे पूर्व लंडनमध्ये राहते. रोज सकाळी स्टेशनात शिरताना उजव्या-डाव्या भिंतींवरची सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक आणि त्याचे सिनेमे दाखवणारी चित्रं ओलांडून जाते. काचेच्या बारीक तुकड्यांची सतरा चित्रं. हिचकॉकच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने ठरलेली, २००१ च्या मे महिन्यात लोकांसाठी खुली झालेली, ग्रिनिच म्युरल वर्कशॉपच्या कारागिरांनी बसवलेली. 'सायको' आहे, 'द बर्ड्स' आहे, 'व्हर्टिगो' आहे. बापाच्या दुकानासमोरचा छोटा आल्फ्रेडही आहे. काम उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सकाळच्या गर्दीत कुणाची बॅग घासली तरी एक तुकडा निखळलेला मी पाहिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझे वडील आले होते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, मिरज जंक्शनवर गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही स्टेशनात गेले की आधी भिंती, मग पाट्या आणि मग गाड्या बघतात. सतराही चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली, मागची माणसं ताटकळली तरी हलले नाहीत. मग विचारलं, "हा इथेच राहायचा का गं?"

म्हटलं, "नाही बाबा. इथे जन्मला. पोरवयातच घरचे लाइमहाउसला गेले. पुढे अमेरिकेत गेला, तिकडेच वारला."

"आणि घर?"

"पाडलं. तिथे पेट्रोल पंप आहे."

ते म्हणाले, "बरं." एवढंच. पण बाबांचं 'बरं' कसं असतं ते मला ठाऊक आहे. त्या 'बरं'मुळे हे पत्र.

हाय रोडवर ५१७ नंबरला विल्यम हिचकॉक यांचं भाजीचं आणि कोंबड्यांचं दुकान होतं. तिथे १३ ऑगस्ट १८९९ ला हे तिसरं, शेवटचं मूल झालं. आज तिथे गाड्यांत पेट्रोल भरतात आणि शेजारच्या भिंतीवर पक्षी रंगवले आहेत. पक्षी छान आहेत. पण मला त्या जागेपाशी गेल्यावर पक्ष्यांचा सिनेमा आठवत नाही, 'फ्रेंझी' आठवतो. बहात्तर सालचा. तोवर हिचकॉक सत्तरी ओलांडलेला, हॉलिवूडचा बडा असामी. आणि कितीतरी वर्षांनी लंडनला येऊन चित्रपट कुठे काढतो, तर कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारात. खुनी कोण, तर फळांचा घाऊक व्यापारी. प्रेत कुठे लपवतो, तर बटाट्याच्या पोत्यात, ट्रकमध्ये. भाजीवाल्याच्या मुलाशिवाय हे कुणाला सुचेल? आमच्याकडे मार्केट यार्डात वाढलेल्या पोरांना पोत्याच्या वजनावरून आत काय आहे ते कळतं, तसलं हे ज्ञान आहे. ते शाळेत मिळत नाही. लेटनस्टोनने त्याला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, पोत्यांची ओळख. आणि पोलिसांची भीती: त्याच्या वडिलांनी त्याला चिठ्ठी देऊन चौकीत पाठवलं आणि हवालदाराने त्याला काही मिनिटं कोठडीत डांबलं, हा किस्सा तो जन्मभर मुलाखतींत सांगत राहिला. खरा किती, रचलेला किती, ते तोच जाणे. मोठ्या किस्सेबाजांचं असंच असतं.

तेव्हा हिचकॉकवर माझा राग नाही. सतरा चित्रांवरही नाही. मुद्दा एवढाच की सतराही एकाच माणसाची आहेत, आणि हा भाग एका माणसाचा नाही.

आपल्या भागात कोण कोण जन्मलं याची यादी कुठलंही उपनगर मोठ्या हौसेने करतं. पण 'जन्म' हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या निम्म्या माणसांच्या जन्मदाखल्यावर आजोळचं गाव असतं आणि 'गाव कुठलं?' असं विचारलं की उत्तर दुसरंच येतं. तुमच्याकडे आजोळाचं काम व्हिप्स क्रॉस इस्पितळ करतं. डेव्हिड बेकहॅम १९७५ साली तिथे जन्मला म्हणून लेटनस्टोनचा, वाढला चिंगफर्डला. ब्लर या बँडचा गायक डेमन अल्बार्न याचं बालपण लेटनस्टोनात गेलं, पण जन्म व्हाइटचॅपलच्या इस्पितळात, म्हणून जन्माच्या यादीतून तो गळतो. टीव्हीवरचा मुलाखतकार जोनाथन रॉस इथे वाढला, जन्मला दुसरीकडे, तोही गळला. माझी मुलगीही व्हिप्स क्रॉसचीच. पण तिला 'गाव कुठलं' विचारलं तर ती अजून मिरज सांगते, कारण उन्हाळ्याची सुट्टी तिथे जाते.

आणि मिरजेचंच बघा. आमच्या गावाचा मोठा गवई म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब. जन्म उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. त्यांच्या घराण्याला किराणा हे नाव त्या गावावरूनच पडलं. पण राहिले मिरजेत. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना गेले आणि त्यांना आणून पुरलं ते मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात. दरवर्षी उरुसाला तिथे गाणं होतं. देशभरचे गवई येतात, खाँसाहेबांपुढे हजेरी लावतात. कुणी विचारत नाही की जन्म कुठला. मिरजेला त्यांनी काय दिलं आणि मिरजेने त्यांना काय दिलं, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे.

पण एक गोष्ट मिरजही विसरते, ती सांगते. ज्या तंबोऱ्यावर खाँसाहेब गायले, तो तंबोरा मिरजेतल्याच एका गल्लीत तयार होत असणार. फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथे भोपळ्यांना आकार देत बसलेली घराणी आहेत. गवयांची नावं लोकांच्या तोंडी असतात. भोपळा कोरणाऱ्याचं नाव फार तर गवयाला ठाऊक असतं.

म्हणून मला स्टुअर्ट फ्रीबॉर्न हवा आहे. तुमच्या भिंतीवर.

१९१४ साली लेटनस्टोनमध्ये जन्मलेला हा रंगभूषाकार. वडील विम्याच्या धंद्यातले. मुलानेही तीच खुर्ची धरावी अशी घरची अपेक्षा. मुलाला चेहरे घडवायचे होते. १९३६ च्या सुमाराला अलेक्झांडर कोर्डाच्या डेनम स्टुडिओत त्याने पाय ठेवला. नंतर डेव्हिड लीनच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'साठी (१९४८) ॲलेक गिनेस या नटाला भलंमोठं नाक लावून फेगिन, म्हणजे गोष्टीतला चोरांचा ज्यू म्होरक्या, केला. ते नाक इतकं गाजलं आणि ज्यू लोकांना इतकं खुपलं की चित्रपट अमेरिकेत लागायला १९५१ उजाडलं आणि तोही कापून. त्या नाकाचं समर्थन मी करत नाही. पण रंगपटात बसून केलेल्या एका नाकाने चित्रपट तीन वर्षं अडकतो, यावरून त्या हातांची ताकद समजावी.

मग कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी'. सुरुवातीला माकडं दिसतात ना, ती माणसं आहेत. मुखवट्याच्या आत जिभेने हलवायची यंत्रणा बसवून फ्रीबॉर्नने त्यांचे ओठ खऱ्या वानरांसारखे मागे सरकवले. गंमत अशी की त्या वर्षीचं रंगभूषेचं खास ऑस्कर दुसऱ्याच वानरांच्या चित्रपटाला गेलं. लोक म्हणतात, परीक्षकांना वाटलं फ्रीबॉर्नची माकडं खरीच आहेत. ही दंतकथा असेल, पण कारागिराला याहून मोठी पावती काय द्यायची?

आणि मग 'स्टार वॉर्स'. तो सात फुटी केसाळ च्युबाका त्याच्याच हातचा. १९८० साली योडा. योडाचा चेहरा करताना या माणसाने आरशात बघितलं आणि स्वतःचाच चेहरा त्या हिरव्या म्हाताऱ्यावर चढवला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आइनस्टाइनच्या घेतल्या. फ्रीबॉर्न ९८ वर्षांचा होऊन २०१३ साली लंडनमध्ये वारला. जगातल्या कुठल्याही पोराच्या दप्तरावर तो चेहरा आहे. माझ्या मुलीच्या पाण्याच्या बाटलीवर आहे. म्हणजे लेटनस्टोनच्या एका माणसाचं तोंड आमच्या घरात रोज भांड्यांबरोबर धुतलं जातं, आणि स्टेशनात ते नाही.

हे अठरावं चित्र. त्यात योडा नको, तो सगळीकडे आहे. फ्रीबॉर्नचं कामाचं टेबल दाखवा. आरसा, माती, ब्रश आणि आरशात वाकून बघणारा एक टकलू म्हातारा.

लेटनस्टोनला जन्मलेल्या बाकीच्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते स्वतःची बाजू मांडायला समर्थ आहेत. नट डेरेक जेकोबी १९३८ सालचा. आई लेटनच्या हाय रोडवर कापडाच्या दुकानात, वडिलांचं चिंगफर्डला गोळ्या-तंबाखूचं दुकान. पुन्हा दुकानच. लेटनच्या मुलांच्या शाळेतून केंब्रिजला गेला, मग ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये. १९७६ साली बीबीसीवर 'आय, क्लॉडियस'मध्ये त्याने तोतऱ्या सम्राटाचं काम केलं. पुढे 'द किंग्ज स्पीच'मध्ये तोतऱ्या राजासमोर उभा राहिलेला आर्चबिशप तोच. नट कसा असतो ते बघा, आयुष्यभर एकच वाक्य अडखळून म्हणायचं आणि नंतर दुसऱ्याला अडखळताना बघत उभं राहायचं. तो आता ऐंशीच्या बराच पुढे आहे. त्याचं चित्र करायचं असेल तर तो बघायला येऊ शकेल अशा बेताने करा, इतकंच.

फॅनी क्रॅडॉक फेअरलॉप रोडची, १९०९ ची. टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवणाऱ्या पहिल्या पिढीतली. संध्याकाळच्या झग्यात, भुवया रंगवून उभी राहायची. बटाट्याच्या लगद्याला हिरवा रंग देऊन तो नक्षीसारखा पिळायची. तिच्याबद्दल मला फार प्रेम वाटत नाही. १९७६ साली डेव्हनच्या एका साध्या गृहिणीच्या जेवणाची तिने कॅमेऱ्यासमोर इतकी हेटाळणी केली की प्रेक्षक खवळले आणि बीबीसीवरचं तिचं दुकान बंद झालं. पण रेशनच्या दिवसांतून नुकत्या बाहेर पडलेल्या बायकांना ताटात रंग दाखवला तो हिनेच. आमच्याकडे श्रीखंडावर केशर घालतात तेव्हा कुणी हसत नाही.

स्टीव्ह हॅरिस, १९५६. आधी वेस्ट हॅम क्लबकडे फुटबॉल, मग बेस गिटार. त्याने आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड उभा केला तो १९७५ च्या नाताळच्या दिवशी, शेजारच्या लेटनमध्ये. नाताळात एरवी घराबाहेर कुत्रं दिसत नाही इथे! माझा धाकटा भाऊ २००८ च्या १ फेब्रुवारीला त्यांच्या मुंबईतल्या कार्यक्रमाला रात्रीच्या गाडीने मिरजेहून गेला होता. परत आला तो आठवडाभर घसा बसलेला. मी लेटनस्टोनला घर घेतलं हे कळल्यावर त्याने आधी घराचं भाडं नाही, हॅरिसचा रस्ता विचारला. आमच्या घरात लेटनस्टोन म्हणजे त्या भावासाठी हॅरिस, बाबांसाठी पेट्रोल पंप आणि माझ्यासाठी भाडं.

तल्विन सिंग १९७० चा. पंजाबी आईबाप, युगांडातून आलेले. किशोरवयातच तबल्यासाठी पंजाबात जाऊन पंडित लछमन सिंग यांच्याकडे शिकला आणि परतल्यावर इलेक्ट्रॉनिक संगीतात तबला घेऊन आला. १९९९ साली 'ओके' या अल्बमला ब्रिटनमधलं मर्क्युरी संगीत पारितोषिक मिळालं, तेव्हा तबल्याचं वादन 'शुद्ध' हवं असं म्हणणाऱ्या आमच्या मिरजेतल्या दोन गुरुजींनी नाकं मुरडली होती, हे मला चांगलं आठवतं. मीही मुरडलं होतं, त्यांचं ऐकून. आता ते ऐकते तेव्हा वाटतं, पोराने बरोबर केलं. स्टेशनाच्या भिंतीवर एक डग्गा येऊ द्या. रोज त्या बोगद्यातून जाणाऱ्या किती लोकांच्या घरी डग्गा असतो, याचा तुम्हाला अंदाज आहे की नाही कोण जाणे.

आता पेट्रोल पंपाकडे परत येते. तुम्ही २०१९ मध्ये लंडनचं पहिलं 'संस्कृतीचं बरो' झालात. अभिमानाची गोष्ट, आम्हीही फोटो काढले. पण १९९४ ची एक गोष्ट त्या वर्षी मला दिसली नाही.

एम इलेव्हन या महामार्गाला जोडणारा रस्ता काढायचा म्हणून वान्स्टेड ते लेटन पट्ट्यातली शेकडो घरं पाडली. क्लेअरमाँट रोड त्यांत गेला. हा साधा रस्ता नव्हता. पाडायची म्हणून वर्षानुवर्षं राखून ठेवलेली ती घरं चित्रकारांना, शिल्पकारांना स्वस्तात मिळाली होती. तिथे रस्त्यातच सोफे, रंगवलेल्या मोटारी, बुद्धिबळाचा पट. आणि तिथेच एक आजी होती, नव्वदी ओलांडलेली, त्याच रस्त्यावर जन्मलेली आणि तो रस्ता सोडून कधीच कुठे न राहिलेली. आंदोलकांना ती आपली नातवंडं म्हणायची. पोरांनी छपरावर लोखंडी नळ्यांचा उंच मनोरा बांधला, त्याला आजीचं नाव दिलं. नोव्हेंबरच्या शेवटी पोलीस आणि बेलीफ आले, माणसं छपरांवरून आणि जाळ्यांतून खाली उतरवायला त्यांना कित्येक दिवस लागले. रस्ता १९९९ साली खुला झाला. त्याच वर्षी हिचकॉकची शताब्दी होती.

हिचकॉकचं जन्मघर गेलं, कारण कुणाला त्याची किंमत नव्हती. क्लेअरमाँट रोड गेला, कारण ज्यांना किंमत होती त्यांना कुणी विचारलं नाही. लेटनस्टोनला जन्मलेल्यांच्या यादीत त्या आजीचं नाव कुणी घालणार नाही, कारण तिने सिनेमा काढला नाही. पण या उपनगरात खराखुरा जन्म आणि मुक्काम एकाच ठिकाणी असलेली मला माहीत असलेली ती एकच बाई आहे. तिचं चित्र मागत नाही. ए ट्वेल्व्हवरच्या, म्हणजे त्याच नव्या रस्त्यावरच्या, पादचारी पुलाला एक छोटी पाटी लावा: इथे क्लेअरमाँट रोड होता. इंग्रजीत लावा, मराठीचा हट्ट नाही.

१९१२ साली दादासाहेब फाळके सिनेमा शिकायला लंडनला आले होते, वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत. तेव्हा आल्फ्रेड बारा वर्षांचा असेल. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे, पण त्यांचा सिनेमा कुठला म्हणाल तर दादर मेन रोडवरच्या बंगल्यातला आणि नाशिकचा. हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्यासारखा घोळ आम्हीही घालतो. जन्मघर शोधायला धावतो, कारखाना विसरतो.

बाबांनी परत जाताना स्टेशनात पुन्हा एकदा भिंती पाहिल्या. मी त्यांना फ्रीबॉर्नबद्दल सांगितलं. ते म्हणाले, रेल्वेत कुठलाही बदल करायचा तर आधी जागा मोजून ठेवावी, मग अर्ज करावा, नाहीतर साहेब 'जागा नाही' म्हणून अर्ज परत करतात. म्हणून आम्ही मोजली. पावलांनी. पहाटे पहिल्या गाडीच्या वेळी, गर्दी नसताना. सध्याच्या चित्रांच्या आकाराची अजून दोन चित्रं तरी मावतील एवढी कोरी भिंत आहे. कुठली, ते इंग्रजी प्रतीत चित्र काढून दाखवलं आहे. चित्र मुलीने काढलं आहे, म्हणून कडेला एक योडा पण आहे. त्याकडे दुर्लक्ष करावे.

आपली,
लेटनस्टोनची एक रहिवासी, मु. मिरज